मोजण्यापुरती वाइन

हारगेअण्णांनी सलाइनची नळी माझ्या हातावर ठेवली आणि विचारलं, "पेशंट कोण?"

"द्राक्षं," मी म्हणालो.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग माझ्यामागे स्वयंपाकघराच्या दारात उभ्या असलेल्या माझ्या बायकोकडे, निर्मलाकडे पाहिलं. तिच्या दोन्ही हातांत पुरणयंत्राचे सुटे भाग होते आणि ते सगळे जांभळे झाले होते.

"होळी दहा दिवसांवर आलीय, अण्णा," ती म्हणाली. "आणि यांनी माझ्या पुरणयंत्रातून चोवीस किलो द्राक्षं काढलीयत. आता पोळ्या कुठल्या रंगाच्या होणार, ते तुम्हीच सांगा."

"होऊ द्या की वहिनी. रंगपंचमी आधी झाली म्हणायची," अण्णा म्हणाले. त्यांनी माझ्या हातातून नळी परत घेतली, पाकीट दातांनी फाडलं आणि म्हणाले, "चला साहेब, कुठं लावायचीय दावा."

ही गोष्ट मिरजेतली, चौदा वर्षांपूर्वीची. मी पाटबंधारे खात्यातून उपअभियंता म्हणून निवृत्त झालो, त्याला तेव्हा दोन वर्षं झाली होती. निर्मला मुख्याध्यापिका होती, तिची चार वर्षं बाकी होती. साडेदहाला ती शाळेत जाई, साडेपाचला येई. मधल्या सात तासांत मी काय करावं, हा आमच्या घरातला मोठा प्रश्न होऊन बसला होता. मी बोन्साय करून पाहिलं. त्यासाठी पिंपळ आणला आणि तो मारला. पिंपळ मारायला कौशल्य लागतं. तो मोरीच्या भिंतीतसुद्धा जगतो. मग बासरी आणली. ती समोरच्या घरच्यांनी सहन केली, पण त्यांच्या कुत्र्याला सहन झाली नाही. त्यानंतर तासगावच्या व्याह्यांनी दोन क्रेट काळी द्राक्षं पाठवली. अवेळी पाऊस होऊन मणी तडकले होते, बाजारात गेली नसती. त्याच आठवड्यात पुण्याच्या एका फुटपाथवर घेतलेलं घरगुती वाइनचं जुनं इंग्रजी पुस्तक माझ्या कपाटातून खाली पडलं. मी त्यात दैवी संकेत पाहिला. कपाटाचा पाय मोडलाय, असं निर्मलाचं म्हणणं होतं.

वाइनच का, असं मला आजही लोक विचारतात, आणि मी माणूस बघून उत्तर देतो. डॉक्टर असेल तर हृदयाला बरी म्हणून सांगतो. व्याही असतील तर तुमचा माल वाया जाऊ नये म्हणून. जावई असेल तर कॉलेजातलं रसायनशास्त्र काढतो. खरं उत्तर द्यायला मला ही सगळी गोष्ट सांगावी लागते, आणि त्यात मी काही फार देखणा दिसत नाही.

हारगेअण्णा आमच्या शेजारच्या बंगल्यात राहायचे. तीस वर्षं त्यांनी एका दवाखान्यात ऑपरेशन थिएटरमध्ये मदतनीस म्हणून काढली होती. हात असे स्थिर, की सुईत दोरा ओवायला आख्खी कॉलनी त्यांच्याकडे जायची. आणि सगळ्या कॉलनीला हेही माहीत होतं, की एके काळी हे हात सकाळी सातला थरथरायचे. पिण्यापायी त्यांना दोनदा घरी बसवलं होतं. एकदा इंदुवहिनी पोरांना घेऊन जतला माहेरी निघून गेल्या होत्या, त्या चार महिन्यांनी परतल्या. मग अण्णांनी एके दिवशी सोडली ती सोडलीच. त्याला अकरा वर्षं झाली होती.

त्या संध्याकाळी अण्णा गेल्यावर निर्मला म्हणाली, "हे तुमचं खूळ तुम्ही करा. पुरणयंत्र गेलं तर गेलं. पण अण्णांना यात ओढू नका. अकरा वर्षं त्या माणसानं कशी काढलीयत, ते इंदुवहिनींना विचारा."

"ते नुसती नळी लावायला आले होते."

"उद्या बघायला येतील. परवा वास घ्यायला येतील."

"मी लक्ष ठेवतो ना. माझी जबाबदारी."

नोकरीत हे वाक्य मी पुष्कळदा वापरलं होतं. तिथं त्याचा अर्थ असा असायचा, की खालचा कुणीतरी बघून घेईल. इथं माझ्या खाली कुणी नव्हतं.

लग्न होऊन गेलेल्या मेधाच्या, आमच्या मुलीच्या, खोलीत मी जार ठेवला होता. पिण्याच्या पाण्याचा असतो तसला, वीस लिटरचा. अण्णांनी बुचाला नेमकं भोक पाडलं, नळी बसवली, भोवती मेण लावलं आणि नळीचं दुसरं टोक पाण्याच्या ग्लासात बुडवलं. आम्ही दोघं गुडघ्यांवर हात ठेवून त्या ग्लासाकडे बघत बसलो. दुसऱ्या दिवशी दुपारी पहिला बुडबुडा आला.

"नाडी लागली," अण्णा म्हणाले.

मला इतका आनंद झाला, की मी त्यांचा हात धरला. माझं पहिलं धरण भरलं तेव्हाही मी कुणाचा हात धरला नव्हता. अर्थात, तेव्हा शेजारी कार्यकारी अभियंता होते.

त्यानंतर महिनाभर घरात गुडगुड चालू होती. निर्मला गेली, की घर पूर्वी गप्प व्हायचं. आता ते बोलत होतं. मी जारला ओलं गोणपाट गुंडाळत होतो, दर दोन तासांनी त्यावर पाणी मारत होतो, ग्लासातलं पाणी बदलत होतो. पुस्तकात लिहिलं होतं, की तळघर थंड असावं. मिरजेत मार्चमध्ये तळघर काढलं असतं तर त्यात फक्त मी बसलो असतो. पण मला धावपळ मिळाली होती. दुपारी झोपायला वेळ होत नाही, अशी तक्रार मी निर्मलाकडे मोठ्या अभिमानानं केली.

साखर किती उतरली ते मोजायचं असतं. त्यासाठी मी आधी आमच्या दूधवाल्याचा लॅक्टोमीटर आणला. तो रसात बुडालाच नाही, आडवा होऊन तरंगला. दूधवाला म्हणाला, "साहेब, ही म्हस कुठली, मला पण सांगा." मग ओळखीनं एका साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेतून उसाच्या रसाची साखर मोजायचं साधन मिळवलं. लांब काचेचं, तळाशी जड. उंच नळकांड्यात दोनशे मिली रस घ्यायचा, ते साधन आत सोडायचं आणि आकडा वाचायचा.

आता इथं एक अडचण आली. पुस्तकात ठळक अक्षरांत लिहिलं होतं, की काढलेला नमुना परत भांड्यात ओतू नये, सगळं नासण्याचा धोका असतो. मग त्या दोनशे मिलीचं करायचं काय? लेखकाच्या देशात मोरीत ओतत असतील. माझ्या आईनं मला पानात एक शीत टाकू दिलं नव्हतं. वाटीत राहिलेलं ताक पाणी घालून विसळून प्यायचं, हे माझ्यावर झालेले संस्कार. त्यामुळे तो नमुना मी पिऊन टाकू लागलो. मी त्याला पिणं म्हणतच नव्हतो. ते संपवणं होतं.

अण्णा रोज चारच्या सुमाराला येत. जारसमोरच्या खुर्चीत बसत. मी मोजायचो, आकडा वहीत लिहायचो आणि नमुना संपवायचो. पुस्तकात चव कशी सांगावी, याचंही एक प्रकरण होतं.

"अण्णा, यात ना, मला ओल्या मातीचा वास येतोय."

"नळकांडं धुतलं न्हाई तुम्ही."

"आणि मागून थोडी लोखंडाची चव."

"तुमची दाढ ठणकालीय, डॉक्टरला दाखवा," अण्णा म्हणत, आणि आम्ही दोघंही हसायचो. त्यांना मी कधी घोट पुढे केला नाही. नळकांडं धुवायलासुद्धा मी स्वतः उठायचो, त्यांना हात लावू द्यायचो नाही. मी शब्द पाळतोय याचं मला कौतुक वाटायचं, आणि संध्याकाळी निर्मलाला मी तसा अहवाल द्यायचो.

पाडव्याच्या दिवशी गुडगुड थांबली.

मी गुढी उभारून आत आलो, तर ग्लासातलं पाणी स्थिर. आकडा पाहिला तर शून्य. साखर संपली होती, वाइन झाली होती. अण्णा आणि मी ती गाळावरून अलगद दुसऱ्या स्वच्छ जारमध्ये घेतली. चौदा लिटर भरली. जारवर मी मार्करनं रेघ मारली आणि तारीख घातली. पुस्तक म्हणत होतं, की आता सहा महिने अंधारात ठेवा आणि हात लावू नका.

हा सल्ला मला पटला नाही. चौतीस वर्षं कालव्यांवर काढलेला माणूस मी. पाणी सोडलं आणि घरी जाऊन झोपलो, असं आम्ही करत नाही, निदान कागदावर तरी. मी ठरवलं, की रोज रीडिंग घ्यायचं. मधेच बिघडायला लागली तर कळणार कसं? वहीत मी रोज शून्य लिहीत होतो, आणि पुढच्या रकान्यात 'स्थिर'.

वेळेतही मला थोडी सुधारणा करावी लागली. दुपारी चारला उकाडा फार, आकडा चुकायचा, म्हणून रीडिंग दोनला आणलं. दोनला जेवण होऊन सुस्ती यायची, म्हणून जेवणाआधी, साडेबाराला. मग लक्षात आलं, की सकाळी तापमान सगळ्यांत विश्वासार्ह असतं. म्हणून अकरा. निर्मला साडेदहाला बाहेर पडायची; फाटकाची कडी वाजली, की मी नळकांडं पुसायला घ्यायचो. रीडिंगनंतर मला फार प्रसन्न वाटायचं. मी गाणी म्हणायचो. बासरीसुद्धा पुन्हा काढली. कुत्र्याची मला आता पर्वा नव्हती.

आणि इथं मला एक गोष्ट खटकायला लागली. मी दोनला रीडिंग घ्यायला लागलो, तसे अण्णा दोनला यायला लागले. मी अकरावर आलो, तर आठवडाभरात तेही अकराला हजर. यायचे, खुर्चीत बसायचे, फारसं बोलायचे नाहीत. आधी हसायचे, तेही कमी झालं. कधी माझ्याकडे बघायचे, कधी जारकडे. मधेच उठून खिडकीशी जायचे आणि बाहेर तोंड करून उभे राहायचे. हात पाठीमागे, एका हातानं दुसरं मनगट घट्ट धरलेलं.

ओढ लागली, मी मनात म्हटलं. बिचारा माणूस.

तरी मी दोन दिवस दुर्लक्ष केलं. मग एका सकाळी मार्करच्या रेघेकडे माझं लक्ष गेलं. वाइन रेघेच्या पार खाली गेली होती. मोजपट्टी लावून हिशेब केला. चौदातले साडेआठ लिटरही उरले नव्हते.

पाणी कमी भरलं की आमच्या खात्यात तीनच कारणं बघतात. एक बाष्पीभवन, दोन गळती, तीन चोरी. जारचं तोंड बुचानं बंद होतं, म्हणजे बाष्पीभवन बाद. खाली फरशी कोरडी, म्हणजे गळती बाद. उरली चोरी. आणि आमच्या घराची एक किल्ली, आम्ही बाहेर गेलो की हारग्यांकडे असायची.

चौकशीशिवाय आरोप करणारा मी नव्हे. मी एक प्रयोग केला. जारवर पेन्सिलीनं बारीक रेघ मारली, जयसिंगपूरला एका लग्नाला गेलो आणि किल्ली अण्णांकडे दिली. संध्याकाळी येऊन पाहिलं, तर वाइन पेन्सिलीच्या रेघेला तंतोतंत. दुसरा कुणी असता तर त्याला वाटलं असतं, की माणूस निर्दोष आहे. मला वाटलं, की माणूस मुरलेला आहे. पिऊन त्यानं वरून पाणी ओतलंय. लगेच रीडिंग घेतलं. शून्य आलं. साध्या पाण्याचंही रीडिंग शून्यच येतं. म्हणजे पुरावा झाला. नमुना संपवताना मला तो खरोखरच पाणचट लागला.

दुसऱ्या दिवशी अकराला अण्णा आले, खुर्चीत बसले. मी नळकांडं बाजूला ठेवलं आणि त्यांच्यासमोर पलंगावर बसलो.

"अण्णा, एक विचारू? रागावू नका."

"विचारा की."

"वाइन कमी होतेय. सहा लिटर."

अण्णांनी एकदा मार्करच्या रेघेकडे पाहिलं. मग म्हणाले, "वहिनींना सांगितलासा?"

"अजून नाही."

"बरं केलासा."

मला वाटलं, आली कबुली. माझं मन एकदम मोठं झालं. मी त्यांना म्हणालो, की मी समजू शकतो. व्यसन हा एक आजार आहे, त्यात माणसाचा दोष नसतो. अकरा वर्षं ही काही थोडी नव्हेत, एखादं पाऊल चुकतं, पण वेळीच सावरलं तर काही बिघडत नाही. इंदुवहिनींना आपण विश्वासात घेऊ, मी स्वतः तुमच्याबरोबर डॉक्टरकडे येईन. अण्णांनी मधे एकदाही मला तोडलं नाही. दोन्ही हात मांडीवर ठेवून सगळं ऐकून घेतलं.

माझं संपल्यावर ते म्हणाले, "साहेब, मोजायला किती काढता?"

"दोनशे मिली."

"मोजून झाल्यावर?"

"म्हणजे... ते परत ओतायचं नसतं. पुस्तकात आहे तसं."

"पाडव्याला रेघ मारलासा. आज किती दिवस झाले?"

"तीस."

"मग करा की गुणाकार. इंजिनिअर हाय न्हवं तुम्ही?"

गुणाकार मी केला नाही. तो आपोआप झाला. सहा लिटर. एक थेंब कमी नाही, एक थेंब जास्त नाही. माझ्या चौतीस वर्षांच्या नोकरीत एवढा बिनचूक ताळा कधी जमला नव्हता.

"पण ते... ते मोजण्यापुरतं," मी म्हणालो.

"आकडा पाडव्यापास्नं हललेला न्हाई. शून्याचं काय मोजालाय रोज?"

ते पुढे वाकले. आवाज मुळीच चढलेला नव्हता. "मी पण मोजूनच घ्यायचो, साहेब. दवाखान्यातला मापाचा ग्लास होता माझा, रेघा आखलेला. मोजून घेणारा माणूस दारुडा नसतोय, असं वाटायचं मला. आधी ड्यूटी संपल्यावर घ्यायचो. मग जेवणाआधी. मग सकाळी, हात चांगला चालतोय म्हणून. तुमचं चारचं दोन झालं तवाच मी इंदूला म्हटलं, हे बरं न्हाई."

"मग तेव्हाच का नाही सांगितलंत?"

"मला सांगितलेलं मी ऐकलो होतो व्हय? आपण होऊन विचारल्याबिगर कानात शिरत न्हाई ते." ते उठले. "मी जारसाठी येत न्हवतो इथं. तुमच्यासाठी येत होतो. येतो आता."

दारापर्यंत जाऊन ते थांबले आणि म्हणाले, "कालची किल्ली परत पायजे असली तर घरी हाय. इंदूकडनं घेऊन जावा."

मी त्या खोलीत किती वेळ बसून होतो ते सांगता येणार नाही. समोर नळकांडं होतं, रिकामं. लाज तर वाटतच होती, पण लाजेपेक्षा वाईट एक गोष्ट होती, आणि ती सांगितल्याशिवाय ही गोष्ट प्रामाणिक होणार नाही. त्या सगळ्यात मला आठवण येत होती, की आजचं रीडिंग राहिलंय.

चार वाजता मी हारग्यांच्या घरी गेलो. इंदुवहिनींनी दार उघडलं. त्या मला नेहमी हसून 'या' म्हणायच्या. त्या दिवशी नुसत्या बाजूला झाल्या. आतून पाण्याचा आवाज येत होता. तांब्या बादलीत बुडायचा, पाणी सांडायचं, पुन्हा तांब्या बुडायचा.

"अण्णा अंघोळ करतायत का? मी मग येतो."

"अंघोळ न्हवं ती," वहिनी म्हणाल्या. "तुमच्याकडनं आले की मोरीत बसत्यात. डोक्यावर पाणी ओतून घेत्यात, अर्धा अर्धा तास. तुमच्या त्या खोलीतला वास जात न्हाई म्हणत्यात. आज तर चार बादल्या झाल्या. रात्री झोप न्हाई. महिना झाला, मी उशाला बसून असते."

त्या खिडकीशी पाठमोरे उभे असलेले अण्णा माझ्या डोळ्यांपुढे आले, आणि त्यांनी आपलंच मनगट कशासाठी धरलं होतं, ते मला तेव्हा कळलं.

"मी किती सांगितलं, जाऊ नका म्हणून," वहिनींचा आवाज फुटला. "पाया पडले. अकरा वर्षं कशी काढली ते मला ठाव हाय. पर ऐकत न्हाईत. म्हणत्यात, मी नादाला लागलो तवा माझ्याजवळ कोण येऊन बसलं न्हवतं. साहेबांजवळ कोणतरी बसाय पायजे."

मी त्यांना नमस्कार केला. त्यांनी तो घेतला की नाही, ते मी पाहिलं नाही.

संध्याकाळी निर्मला आली. तिनं पर्स ठेवायच्या आत मी सगळं सांगून टाकलं. अण्णांवर घेतलेला आळही सांगितला. मला वाटलं होतं, ती चिडेल. ती पलंगाच्या कडेवर बसली आणि म्हणाली, "मला वास येत होता."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही गाणी म्हणत होतात हो. दोन वर्षं झाली, मी शाळेतून यायची आणि तुम्ही सकाळी जिथं बसलेले असायचात तिथंच असायचात. दिवासुद्धा लावलेला नसायचा. मग ते गुडगुड सुरू झालं आणि तुम्ही मला दारातच गाठून दिवसभरातलं सांगायला लागलात. मला वाटलं, असू दे. थोडं पोटात जात असेल तर जाऊ दे." तिनं डोळे पुसले. "चुकलंच माझं."

तिचं काही चुकलं नव्हतं. वाइनच का, याचं खरं उत्तर तिनं दिलं होतं. घरात माझी गरज असलेली एक वस्तू पाहिजे होती मला. महिनाभर ती होती. तिला गोणपाट लागत होतं, पाणी लागत होतं, मी लागत होतो. पाडव्याला तिचं काम झालं आणि तिनं मला दुसऱ्यांदा निवृत्त केलं. मग मी रोज अकराला तिच्या दारात जाऊन कामावर घ्या म्हणत होतो.

उरलेली आठ लिटर आम्ही दोघांनी मिळून न्हाणीघरात ओतली. निर्मलानं नळ सोडला होता, तरी वास दारापर्यंत आला. मी श्वास धरून ओतत होतो. शेवटी शेवटी तो सुटला आणि मी तो वास छातीभर घेतला. निर्मलानं माझ्या हातातून जार काढून घेतला.

दुसऱ्या दिवशी साडेदहाला ती गेली. शाळेला सुट्टी लागली होती, पण मुख्याध्यापिकेला कुठली सुट्टी. राहू का, असं तिनं विचारलं. मी म्हणालो, "काहीतरीच काय, मला काय झालंय?" मी पेपर घेऊन बसलो. अकराला पाच मिनिटं असताना फाटक वाजलं आणि हारगेअण्णा आत आले. मी उठून उभा राहिलो.

"अण्णा, माझं चुकलं. मी जे बोललो—"

"असू दे की ते."

"आणि जार रिकामा आहे. काल सगळी ओतली. आता तुम्हाला राखण करायला नको."

"म्हाईत हाय. सकाळी वहिनी सांगून गेल्या."

"मग?"

"मग आज तर यायलाच पायजे." ते खुर्ची ओढून बसले. "जार हाय तवर सोपं असतंय, साहेब. तो न्हाई तवा अकरा वाजलेलं लई जड जातंय."

मी हसलो. खरंच हसलो. त्यांना म्हणालो, की मी काही सराईत नाही, महिनाभराचा तर प्रकार, मला काही होत नाहीये. आत्ताच छान पेपर वाचत होतो. मग भिंतीवरच्या घड्याळात अकरा वाजले. मी बोलता बोलता उठलो. का उठलो ते मला माहीत नव्हतं. मेधाच्या खोलीच्या दाराशी पोचलो आणि कडीवर माझा हात पडला, तेव्हा मला दिसलं, की तो हात थरथरतोय.

"बसा," मागून अण्णा म्हणाले.

मी परत येऊन बसलो. तोंड दुसरीकडे केलं, कारण मला रडू येत होतं, आणि साठीच्या माणसानं पेपर हातात धरून रडू नये, असं मला वाटत होतं.

"किती वेळ असं?" मी विचारलं.

"आज साडेपाचपतोर. वहिनी येईपर्यंत. उद्या परत येतो."

दीड वाजता इंदुवहिनी डबा घेऊन आल्या. आमच्या स्वयंपाकघरातून स्वतःच ताटं काढली, तिघांना भाकरी वाढली, आणि जेवणं झाल्यावर त्याही घरी गेल्या नाहीत.